धुतलेले बटाटे

अहो,

घरात आलात की पंखा बंद करू नका. फरशीवर बटाटे वाळतायत. चिठ्ठी मुद्दाम त्यांच्यातच दाबून ठेवलीय, कारण दारातून आत पाऊल टाकलं की तुम्ही आधी बटाटेच बघता.

मी तुम्हाला शोधायला बाहेर पडलेय. तुम्ही माझ्या चपला घालून गेलात, म्हणून तुमच्या फरफटत चाललेय. आधी तुमच्या बटाट्याच्या गोदामावर बघते. ते कधीचंच बंद पडलंय, पण तुम्हाला कुठं पटतं! तुम्ही मात्र उलट मला शोधायला निघू नका, हात जोडते. खुर्चीत बसा आणि शेजारच्या शिंपीभाऊंना नुसती हाक मारा. ते दाराकडे लक्ष ठेवून आहेत.

बटाट्यांना हात लावू नका. कोरडे ठणठणीत झाले की मीच ते टोपलीत भरून अंधारात ठेवीन, कांद्यापासून लांब. हे सगळं मला तुम्हीच शिकवलंत. धुतलेला बटाटा टिकत नाही म्हणून तीस वर्षं अख्ख्या गल्लीला दटावलंत. आणि आज सकाळी तुम्हीच पोतंभर बटाटे धुऊन काढलेत. "बघ, कसे लख्ख केले!" म्हणून हसत दाखवलेत, आणि माझं डोकं फिरलं. नको नको ते बोलले. थोड्या वेळानं बघते तर दार सताड उघडं.

सडले तर सडू देत मेले. तुम्ही फक्त या.

रोज तुम्हाला "आठवा, आठवा" म्हणून छळते. सकाळी मी काय बोलले, तेवढं मात्र विसरला असाल, तर विसरलेलंच राहू द्या.