आमच्या दोघींचं प्रकरण

प्रिय ठिणगी,

परवा फोनवर तू विचारलंस आणि मी काही न बोलताच फोन ठेवून दिला. तुला वाटलं असेल, म्हातारी रुसली. रुसले नाही गं. पण तू विचारलंस त्याचं उत्तर फोनवर नुसतं 'बरं' म्हणून देण्यासारखं नव्हतं. म्हणून आज दुकानातून आल्यावर मशीनवरचे अर्धवट पडदे बाजूला सारले आणि लिहायला बसले. अक्षर वाकडंतिकडं आलं तर सांभाळून घे.

काल मुद्दाम वाट वाकडी करून नदीवरच्या त्या नव्या पायी पुलावरून आले. कठड्याचे सगळे जोड तू केलेस असं तुझ्या मुकादमाने मागे सांगितलं होतं, तेव्हापासून बघायचं मनात होतं. एकेका जोडावरून हात फिरवत चालले. कुठे बोटाला खरखर लागली नाही. शेजारून एक बाई बाजाराच्या पिशव्या घेऊन चालली होती, तिला राहवेना. "काही हरवलंय का?" म्हणाली. मी म्हटलं, "हरवलं नाही, हे माझ्या सुनेने जोडलंय, ते बघतेय." तिने कौतुकाने कठड्याला हात लावला आणि विचारलं, "आणि मुलगा काय करतो?" मी म्हटलं, "त्याचं वेगळं चाललंय." आता रस्त्यातल्या बाईला किती सांगायचं?

घरी येईपर्यंत मात्र तो दिवस डोळ्यांसमोर होता. तुझी वेल्डिंगची परीक्षा होती आणि लेकाने सकाळीच तुझ्या खोलीला बाहेरून कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि शांतपणे कामावर निघून गेला. त्याने तुझ्यावर हात उगारला नव्हता, आवाजही चढवला नव्हता. माझा मुलगा, मी वाढवलेला, आणि बायकोला असं कोंडतो, हे मला समजायलाच थोडा वेळ लागला. आत तू रडत नव्हतीस. एवढंच म्हणालीस, "आई, बस चुकेल." मी कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला हाताला धरून आणलं. कुलूप तुटलं, तू तशीच चपला हातात घेऊन जिना उतरलीस. संध्याकाळी पास होऊन आलीस तेव्हा तुझ्या बाहीला ठिणग्यांनी पाडलेली भोकं होती. तुझं हे नाव मी त्याच दिवशी ठेवलं.

पुढे कोर्टात न्यायाधीशबाईंनी मला विचारलं, "तुम्ही कोणाच्या बाजूने?" मी म्हटलं, "बाजू वकिलांनी घ्यावी. मी घरात जे पाहिलं ते सांगायला आलेय." मुलाकडे बघूनच सगळं सांगितलं. निकाल लागला, तुमचं लग्न संपलं, आणि बाहेर पडताना तिथला कारकून मला समजुतीच्या सुरात म्हणाला, "आजपासून या तुमच्या कोणी नाहीत बरं का, बाई." माझ्याआधी तूच उत्तर दिलंस, "साहेब, आमच्या दोघींचं प्रकरण तुमच्याकडे दाखलच नव्हतं." तो बिचारा कागद चाळायला लागला. मी त्या दिवशी जिन्यावरून उतरले ती कशी उतरले म्हणून सांगू, एखादी मिरवणूक निघावी तशी.

माझा दादा अजून या विषयावर तासन्‌तास भांडतो. त्याचं म्हणणं, कोणी कोणाशी लग्न करावं, कोणी कोणासोबत राहावं, यात सरकारने नाक खुपसूच नये. मी त्याला म्हणते, "दादा, कोर्ट नसतं तर पोर त्या खोलीतच राहिली असती. एक कुलूप मी तोडलं, रोज कुठे तोडत बसणार होते?" एवढं तो मानतो. पण मग माझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची आठवण काढतो आणि ते मला मानावं लागतं. लेकाचा फोन लागत नव्हता, आणि तू रक्ताची नाहीस, लग्नाचीही नाहीस, म्हणून वॉर्डच्या दाराशी तुला अडवलं होतं. बाकावर बसून राहिलीस. शुद्धीवर आल्यावर मी नर्सला म्हटलं, "बाहेर माझं माणूस आहे, त्याला आत सोडा." तिने नियम सांगितला. मी सलाईनची नळी धरून उठायला लागले तेव्हा तिने तुला आत घेतलं. तर आमचं दोघा भावंडांचं भांडण असं अर्ध्यावरच अडलेलं असतं. जुलूम होत असेल तिथे सरकारने जरूर यावं, असं मला वाटतं. पण माझं माणूस कोण, हे मला विचारावं.

रविवारी लेक आला होता. विवाह नोंदणी कचेरीबाहेरच्या फलकावर तुझ्या आणि त्या उंच, मितभाषी मास्तरांच्या लग्नाची नोटीस त्याने वाचली होती. कोणाला हरकत असेल तर कळवा, असं त्यात लिहिलेलं असतं म्हणे. "मी हरकत घेणार," म्हणाला. मी विचारलं, "कशाची? तुझा काय संबंध उरलाय?" "आणि तुझा?" तो म्हणाला. "तू तिकडे गेलीस तर मला आई नाही असं समजेन." मी त्याला ताट वाढलं. म्हटलं, "तू काय समजायचं ते समज. मी तुझी आई आहे, ते काही तुझ्या हातात नाही. पण मी जाणार." तो जेवला, ताट स्वतः धुतलं आणि जाताना दारात म्हणाला, "हरकत नाही घेत." एवढंच. मास्तरांची मात्र त्याने चौकशीही केली नाही, आणि मीही सांगितलं नाही. त्याला वेळ लागेल. पण पोरगं त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःहून मागे सरलं, याचाही मला थोडा अभिमान वाटला, तुझ्यापाशी लपवत नाही.

तर तू विचारलंस, "आई, माझ्या बाजूची साक्षीदार म्हणून सही कराल का? अवघड वाटत असेल तर राहू द्या." अवघड कसलं वाटतंय? सोमवारी कचेरी उघडायच्या आधी मी दाराशी हजर असेन. निळी साडी इस्त्रीला दिली आहे. तुझ्यासाठी मऊ सुती कुर्ता शिवलाय, बाह्या आखूड ठेवल्यात. तिथे मला विचारतील, नवरीच्या तुम्ही कोण? मैत्रीण सांगा, मावशी सांगा, असं तू सुचवशील, म्हणून आधीच लिहून कळवते. मी 'सासू' असंच सांगणार आहे. सगळे हसले तर हसू देत. मास्तरांना तेवढी आधी कल्पना देऊन ठेव.

कोणत्याही निकालाने न बदललेली,
तुझीच आई