बंगळूर आठ मैल

जयनगर, १० जून १९९६

ती. अक्कास विठोजीचा शि. सा. न. वि. वि. इकडे सर्व क्षेम, माझं डोकं तेवढं जागेवर नाही.

अक्का, होसूर रस्त्यावरचा तुझा दगड सापडला! लग्न होऊन सेलमला निघालीस तेव्हा अप्पा तुझ्या मोटारीतून ज्या मैलाच्या दगडापर्यंत आले आणि उतरून उभे राहिले, तोच. रस्त्यावर भर पडत गेली तसा तो मातीत बुडाला होता. झुडपं तोडून, माती उकरून मी तो मोकळा केला. ‘बंगळूर ८ मैल’ स्पष्ट वाचता येतं. राजलक्ष्मी म्हणते, घरातला गळका नळ आधी बघा. पण रस्ता रुंद होतोय. दगड जागच्या जागी राखावा, असा अर्ज रस्त्याच्या कचेरीत दिलाय.

लोभ करतेसच, तो चालू दे.
तुझा विठोजी

सेलम, २२ जून

चि. विठोजीस अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी रडले की ह्यांनी स्वतः उठून चहा केला, म्हणजे बघ! त्या दिवशी अप्पा दिसेनासे होईपर्यंत मी मागच्या काचेतून बघत होते. पुढं माहेरी येताना तो दगड दिसला की झोपलेल्या पोरांना उठवायची, आलं बंगळूर. तो बुडाल्यापासून माझं माहेर कुठं सुरू होतं तेच कळेनासं झालंय. गौरीला येते आहे, खिडकीची जागा धरीन. तोवर सांभाळ त्याला. आणि नळही बघ रे.

माया असू दे.
वसुमतीअक्का

जयनगर, २ ऑगस्ट

ती. अक्कास सा. न.

काय लिहू! चपला झिजल्या. एक साहेब म्हणतात दगड आमचा नाही, दुसरे म्हणतात रस्ता आमचा नाही. तिसऱ्यांनी ‘स्वल्प’ थांबा म्हटलं, ते स्वल्प महिनाभर चाललं. काल हसत सांगितलं, अर्ज मंजूर, दगड जतन केला. धावत गेलो, तर जागेवर खड्डा! दगड आणून बसवलाय इथल्या बागेत, कारंज्याशेजारी, रंग फासून, साखळी लावून. भर बंगळुरात उभा राहून बंगळूर आठ मैल सांगतोय! अर्जातलं ‘जागच्या जागी’ कुणी वाचलंच नाही. साहेबांना म्हटलं, मैलाचा दगड हलवल्यावर त्यात राहिलं काय? ते म्हणाले, राखा म्हणालात, राखला.

संतापानं घास उतरत नाही. माझ्याच अर्जानं गेला. आलीस की बागेत नेऊन दाखवतो, दुसरं काय हातात आहे?

रागावू नकोस, लोभ ठेव.
विठोजी

सेलम, १४ ऑगस्ट

चि. विठोजीस आशीर्वाद.

तू उपाशी राहून साहेबांचं काय बिघडणार? आधी जेव.

बागेत मी येणार नाही. अप्पा काही कारंज्याशेजारी उभे नव्हते. गौरीच्या आदल्या दिवशी दुपारी माझी बस त्या रस्त्यानं येईल. तू त्या खड्ड्यापाशी उभा राहा. पांढरा सदरा घाल, लांबून दिसशील. बस थांबवू नकोस, नुसता उभा राहा. तू दिसलास की नातवंडांना उठवून सांगेन, आलं माझं माहेर.

मात्र उभं राहायला अर्ज देऊ नकोस बाबा, तुलाही उचलून बागेत नेतील.

जीव लावतोस तसाच लाव.
तुझी अक्का