समोरच्यापेक्षा हलक्या

३ जून, सोमवार
आजपासून धंदा शास्त्रशुद्ध. गिऱ्हाईक किंमत बघतच नाही, फरक बघतं. समोरच्या दुकानात खुर्ची बाराशेला, आपल्याकडे नऊशेला. हे कुणाला सांगितलंच नाही, म्हणून खप नाही. बायकोच्या मते खुर्च्या डुगडुगतात, म्हणून खप नाही. महिनाअखेरपर्यंत वीस खुर्च्या गेल्या नाहीत तर गल्ल्यावर ती बसणार म्हणे. खुशाल बस म्हणालो. वेळ येणारच नाही.

६ जून
दुकानाच्या पाटीचा मजकूर माझाच: 'समोरच्यापेक्षा हलक्या भावात खुर्च्या'. पेंटरने अक्षरं ऐसपैस काढली, 'भावात'ला जागा उरली नाही, तर पठ्ठ्याने तो शब्दच गाळला. आधी तडकलो. मग पटलं, जाहिरातीत शब्द कमीच हवेत. पाटी लावली.

८ जून, सकाळी ११
गर्दी! लोक थांबतात, पाटी वाचतात, वळून समोर जातात. तुलना करायला गेलेत. येतीलच.

९ जून
आले नाहीत. सखोल तुलना चालू असावी.

१२ जून
एक मावशी आत आल्या. हलक्या म्हणजे माल हलका का, विचारू लागल्या. भाव हलका, असं समजावलं. शिवाय वजनालाही हलकी, हे दाखवायला खुर्ची एका हाताने उचलली. पाठ हातात आली, बाकीची खाली राहिली. मावशी समोर गेल्या.

१६ जून
नवा डाव. तुलना स्वतःशीच करायची. प्रत्येक खुर्चीवर चिठ्ठी: मूळ किंमत चोवीसशे (खोडून), आता नऊशे. मूळ किंमत कुठून काढली, बायकोने विचारलं. मनातून काढली. मूळ म्हणजे तेच.

१९ जून
वरच्या मजल्यावरचे काका गेल्या वर्षी घेतलेली खुर्ची घेऊन हजर. चोवीसशेची वस्तू, वापरलीय म्हणून दोन हजारांत परत घ्या म्हणाले. फार हुज्जत झाली. शेवटी हजारावर मिटलं. हजार वाचवले.

२४ जून
समोरचे मालक स्वतः आले. पाटीचा रंग उडतोय, नवीन रंगवून घ्या, खर्च मी देतो म्हणाले. घाबरलेत बिचारे.

३० जून
खप: शून्य. उणे एक, असं बायको म्हणते. संध्याकाळी गल्ल्यापाशी येऊन एवढंच म्हणाली, "उठा."

५ जुलै
बायकोने पाटी काढली, चिठ्ठ्या फाडल्या, स्क्रू आवळून घेतले. सात खुर्च्या गेल्या. योगायोग असतात.
मी रिकामा नाही. समोरच्या मालकांनी बोलावून काम दिलं, जाहिरात विभागात. त्यांच्या दारात दोन खुर्च्या मांडल्यात, एक त्यांची, एक आमच्या जुन्या मालातली. आमच्या खुर्चीवर मी बसायचं. कुठली चांगली, असं गिऱ्हाईकाने विचारलं की कण्हत उठायचं. दुपारी बायको पलीकडून बघत होती. फार लाज वाटली. मालक म्हणाले, "चेहरा असाच ठेवा."