कोपराचं माप

६ जानेवारी, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.
मीटिंगमध्ये आमच्या मालकांनी, तात्यासोंनी जाहीर केलं. शहरातल्या इंटिरिअर प्रदर्शनात आपल्या फर्मला स्टॉल मिळालाय. शेजारी शेजारी दोन किचन मांडायची. एक मी, एक आदितीने. ज्याच्या किचनपुढे गर्दी थांबेल, गडहिंग्लजची नवी शोरूम त्याच्या ताब्यात.
म्हणजे मलाच. मी सीनिअर डिझायनर, कोल्हापुरातले निम्मे ओटे माझ्या हातचे. आदितीला कामावर येऊन अजून वर्ष झालेलं नाही. तिचं मन मोडू नये म्हणून तात्यासोंनी स्पर्धा ठेवली असणार.
रात्री घास उतरेना. अ‍ॅसिडिटी.

८ जानेवारी
आदितीची कामाची पद्धत बघून आलो. आपण गिऱ्हाइकाच्या घरी गेलो की कर्त्या माणसाबरोबर सोफ्यावर बसतो, चहा घेतो, कॅटलॉग दाखवतो. तो ठरवतो, विषय संपला. ही थेट आत घुसते. घरातल्या बाईला परातीपुढं उभी करून भाकरी थापायला लावते आणि तिच्या कोपराचं माप घेते. त्यावरून ओट्याची उंची ठरवते.
गुंडू मिस्त्रीला म्हटलं, आपण काय शिंपी आहोत का? तो म्हणाला, पर सायेब, बाया लई खूश हायत की तिच्यावर. गुंडूला डिझाईनमधलं कळत नाही.
माझ्या ओट्यांची उंची एकच. इंटरनॅशनल स्टँडर्ड. माझ्या घरचा ओटाही तोच.

११ जानेवारी
माझं किचन ठरलं. काळं, चकचकीत, मधोमध आयलंड, म्हणजे चारी बाजूंनी मोकळा ओटा. रविवारी लाईव्ह डेमो. बायको भाकऱ्या थापणार, मी माईकवर बोलणार.
संयोगिताने एवढंच विचारलं, तिथं पाट असंल न्हवं? म्हटलं, पंगत बसवायची आहे का?
पाटावरून आठवलं. आमच्या घरी ओट्याखाली एक पाट कायम पडलेला असतो. पायात येतो, सगळा लूक बिघडतो. उचल म्हणून कितीदा सांगितलं असेल. या बाईला सौंदर्यदृष्टी नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
ऑफिसात सगळ्यांना तिळगूळ वाटला. आदितीलाही दिला. लहानातली वडी शोधून.
गडहिंग्लजला मेहुण्याला, विजयसिंहला फोन केला. शोरूम मला मिळतीय, रविवारी संध्याकाळी फेटा आणि बांधणारा घेऊन ये, पण मी सांगितलंय हे बोलू नको. रंग भगवा, माझ्या रंगाला उठून दिसतो. तो म्हणाला, दाजी, नक्की हाय न्हवं? म्हटलं, व्हय की.

१७ जानेवारी, शुक्रवार
प्रदर्शन सुरू. माझ्या आयलंडपाशी पोरं सेल्फी काढत होती. हाच तो प्रतिसाद.
आदितीच्या ओट्याचा एक तुकडा खाली उतरलेला आहे, पायरीसारखा. येणाऱ्यांना मी सांगत होतो, तिकडं काम अर्धवट राहिलंय. तरी बायका जाऊन त्यावर हात टेकत होत्या, थापल्यासारखं करत होत्या, हलत नव्हत्या. याला गर्दी म्हणता येणार नाही. बायका एकमेकींशी बोलत थांबतातच.
तात्यासोंनी चहा तिच्याकडं घेतला. दोनदा. माझ्या बाजूला खुर्ची नव्हती म्हणून असेल.

१८ जानेवारी
आज आदितीला ताप यावा असं मनात आलं. लगेच काढून टाकलं.
आला नाही.

१९ जानेवारी, रविवार
थोडक्यात लिहितो.
डेमो सुरू झाला. मी माईकवर रंगात आलो. संयोगिता थापायला लागली तर तिची कोपरं खांद्यापर्यंत वर. मधेच थांबली आणि म्हणाली, अहो, पाट कुठं हाय? माझ्या हातातला माईक नेमका तिच्याकडं वळलेला होता, सगळ्या हॉलने ऐकलं. एका बाईने विचारलं, पाट कशाला? तर ही सरळ सांगते, घरचा ओटा ह्यांनीच केलाय, पाटावर हुबं राहिल्याबिगर थापताच येत न्हाय.
हॉल हसला. तिने परात उचलली आणि पलीकडं आदितीच्या त्या उतरलेल्या तुकड्यावर नेली. परातीमागं सगळी माणसं गेली. भाकरी टम्म फुगली. मी माईक धरून आयलंडपाशी एकटा.
तात्यासोंनी तिथंच आदितीचं नाव घेतलं. तेवढ्यात विजयसिंह पोचला. घाईघाईने विचारलं, शोरूम कुणाला मिळाली? लोकांनी बोट दाखवलं, बांधणाऱ्याने फेटा बांधून टाकला. आदितीला.
भगवा तिलाही शोभला. हे लिहायला नको होतं.
मला मत्सर नाही. आहे.

२६ जानेवारी, रविवार
गडहिंग्लज मला मुळात नकोच होतं. रोजचा एसटीचा प्रवास, कंबरेला बरा नाही. उद्या राजीनामा द्यायचा. निदान लिहून तरी ठेवायचा.
सकाळी दारात आदिती. मार्गदर्शन मागायला आली असं समजून मी खुर्ची पुढं केली. तर म्हणाली, सर, गडहिंग्लज शोरूमची पहिली ऑर्डर घ्यायला आले. कुणाची, विचारलं. आतून संयोगिता म्हणाली, माझी. विजयसिंहनं बुक केलीया.
आदिती थेट आत गेली. सर, टेपचं हे टोक जरा धरता? धरलं. देखरेख माझीच होती असं म्हणायला हरकत नाही. फक्त टोक नेमकं कुठं लावायचं ते कळेना. संयोगिताने माझा हात धरून आपल्या कोपराला लावला.
म्हटलं, ओटा उंच होतोय ते मला सांगायचंस की. ती म्हणाली, सांगितलंतं की. तुमी कॅटलॉग दाखिवलासा.
मला आठवत नाही.
उद्या गुंडू ओटा फोडायला येणार. पाट आता लागायचा न्हाय म्हणून संयोगिताने माझ्या हातात दिला, माळ्यावर टाकायला. पहिल्यांदाच नीट बघितला. मधोमध दोन पावलांएवढा खोलगट झालाय.
लाकूड हलक्या प्रतीचं असणार.