एकतीस सुरय आणि माझा ड्रोन

३ एप्रिल
निर्णय पक्का. हवामानबदलावरच्या पाच मिनिटांच्या माहितीपटांची स्पर्धा मी जिंकणार. विषय: माणसांवर आणि प्राण्यांवर परिणाम. गेल्या वर्षीच्या विजेत्या फिल्म पाहिल्या. एकीत अस्वल, एकीत म्हातारी. दोघंही नुसती बसलेली. याला बक्षीस देतात!
ऑफिसात पाठदुखी सांगून रजा काढली. काळजी घ्या, म्हणाले साहेब. भोळा माणूस.

५ एप्रिल
आटत चाललेलं तळं सापडलं. मधे वाळूचं बेट, त्यावर सुरय नावाच्या पांढऱ्या पक्ष्यांची घरटी. घरटी कसली, वाळूत खळगे. आळशी जात. पाणी इतकं उतरलंय की कुत्री चालत बेटावर जातात आणि अंडी खातात. एक नावाडी आहे. नाव चिखलात अडकलेली, म्हणून दिवसभर काठी घेऊन कुत्री हाकलतो. पगार नाही, काही नाही. कमाल रिकामटेकडा. पण चेहरा चांगला आहे. हाच माझा हिरो.
बायको सोबत आली आहे. लुडबुड नको म्हणून तिला पक्षी मोजायला बसवलं. एकतीस, म्हणाली. मोबाईल दगडाला टेकवून बेटाकडे रेकॉर्डिंग चालू ठेवते, मोजायला सोपं जातं म्हणे. हौस.

६ एप्रिल, सकाळी ७
आज नावाड्याला रडवणार.

६ एप्रिल, सकाळी ११
रडत नाही. नावेत बसवलं, शून्यात बघ म्हटलं, तर हसतो! म्हणे, रडायचं तर सहा वर्षांपूर्वी यायचं होतं साहेब, मासे संपले आणि पोरं गाव सोडून गेली तेव्हा. आता सवय झाली.
नावाड्याला कॅमेऱ्याची अक्कल शून्य. बायको त्याच्याशी तासभर गप्पा मारत बसली. काय बोलायचं असतं अशा माणसांशी, कळत नाही.

७ एप्रिल
नावाडी म्हणतो ड्रोन उडवू नका, पक्षी अंड्यांवरून उठले तर या उन्हात अंडी भाजून निघतील. बायकोने लगेच त्याची री ओढली. मी शांतपणे समजावलं की जगाला जागं करायचंय, त्यापुढे पक्षी जरा उठले तर बिघडलं कुठे? तेवढाच व्यायाम.
उडवला. सगळा थवा एकदम वर! अंगावर काटा आला. मी थोर आहे.
बायकोचा आकडा: परतले बावीस. उगाच तोंड पाडून बसली आहे.

८ एप्रिल
कालचा शॉट हललेला निघाला. दोष वाऱ्याचा. भर दुपारी पुन्हा उडवला. ड्रोन बेटाजवळ पडला. आणायला गेलो तर चिखलात कमरेपर्यंत रुतलो. नावाडी आणि बायको धावत आले, काठी पुढे करून ओढत बसले. वीस मिनिटं लागली. काय ही कार्यक्षमता! बूट गेला.
तेवढ्यात पलीकडून कुत्री बेटावर गेली.
संध्याकाळी बायकोला आकडा विचारला. तिने वही समोर धरली. शून्य.
असो. ड्रोन वाचला.

१५ एप्रिल
फिल्म तयार. निवेदन माझं, शेवटचा क्लोजअपही माझा. नावाडी कापून टाकला, भावच नाहीत चेहऱ्यावर. नाव: ‘मी आणि पृथ्वी’. पाठवली.
बायकोनेही त्या मोजणीचं काहीतरी जोडून पाठवलं म्हणे. पाठवू दे. परीक्षकांनाही विरंगुळा हवा.

१२ मे
माझी फिल्म बाद. परीक्षक अडाणी आहेत.
बायकोची निवडली. ती दाखवणार म्हणून हॉलमध्ये जावं लागलं. पहिल्या रांगेत ऑफिसचे साहेब. पाठ कशी आहे, म्हणाले.
तिच्या फिल्ममध्ये काहीच नाही. एकच बेट, कोपऱ्यात आकडा, मागे नावाड्याचा आवाज, पोरांबद्दल बोलणारा. एकतीस. बावीस. मग मी येतो. रुततो. हॉल खदखदून हसला. साहेब सर्वांत जास्त.
मग कुत्री आली. कोणी हसेना.
मला बाहेर काढून झाल्यावर नावाडी बेटाकडे वळतो. काठी खाली टाकतो, चिखलातच बसतो आणि हमसून हमसून रडतो. बराच वेळ. मागे मी ड्रोन पुसतो आहे. त्या दिवशी मला हे दिसलंच नव्हतं.
घरी येताना बायकोला विचारलं, मला दिवसभर जमलं नाही, तू त्याला रडवलंस कसं?
म्हणाली, मी नाही. तू.