धनूची गाडी रस्त्यावर येण्याआधी

मल्लेश्वरम, बेंगळूरू
आश्विन शुद्ध द्वितीया, मंगळवार
२३ सप्टेंबर २०२५

चि. सौ. धनलक्ष्मीस,

अण्णाचे अनेक आशीर्वाद. भीमाचार्यांना माझा नमस्कार सांग. सूनबाई रक्षिताला सांग, मामेसासरे रोज तुझी चौकशी करतात, आणि सासूबाई गाडी चालवायला लागल्यापासून तर दोनदा करतात.

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरली असशील. घाबरू नकोस, आम्ही दोघं आहोत तसे आहोत. फोनवर तू मला बोलू देत नाहीस हे पत्र लिहिण्याचं एक कारण. दुसरं पुढे येईल. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसून लिहितोय. माझ्या वर्गात हल्ली मुलांपेक्षा पंखे जास्त आहेत, त्यामुळे सवड पुष्कळ. वैनी बरी आहे.

तुझा गाडी शिकतानाचा व्हिडिओ पाहिला. ते मंजुनाथ सर शेजारी बसून "मेडम, स्वल्प स्वल्प! क्लच बिडी, क्लच बिडी!" म्हणून ओरडतायत आणि तू समोर बघत शांतपणे "सोडलाय की हो!" म्हणतेयस. मागच्या सीटवर भीमाचार्य डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. माणसाचं नाव भीम आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये! तरी त्यांचं मला कौतुक वाटतं. घाबरूनही ते बायकोच्या गाडीत बसले. पन्नाशी उलटल्यावर तू लायसन काढलंस याचंही कौतुक वाटतं, पण ते मी तोंडावर कधी बोलणार नाही. लहानपणी तू माझी सायकल विहिरीच्या कट्ट्यावर चढवली होतीस, ते मी विसरलेलो नाही.

आयुधपूजेला गाडी घरी येणार, म्हणजे तुझ्याकडे आठवडाभर आहे. गाडीबरोबर एक जाडजूड पुस्तक मिळेल. लोक ते प्लॅस्टिकमधून बाहेर काढत नाहीत, समोरच्या कप्प्यात समाधी देतात. तू ते वाच. तोवर या भावाचं भाष्य वाच.

आधी बसणं. सीट इतकी पुढे ओढू नकोस की स्टिअरिंग पोटाला टेकेल. छाती आणि स्टिअरिंग यांच्यात चांगलं हातभर अंतर पाहिजे. डोक्यामागची उशी मानेशी नको, डोक्याच्या उंचीला आण. ती झोपायला दिलेली नसते. मागून कुणी ठोकलं तर मान मोडू नये म्हणून असते. आरसे गाडी सुरू करायच्या आधी लावून घे, चालत्या गाडीत केसांची बट बघायला नव्हे.

स्टिअरिंगच्या उजव्या हाताची दांडी वळणाच्या दिव्याची, डावीकडची वायपरची. पहिला महिनाभर तू प्रत्येक वळणावर कोरड्या काचेवर वायपर फिरवशील. आम्ही सगळ्यांनी फिरवला आहे. तांबड्या त्रिकोणाचं बटण दाबलं की चारही दिवे लुकलुकतात. आपल्याकडे लोक ते चौकात सरळ जायचंय म्हणून लावतात. तसं करू नकोस, तो गाडी बंद पडल्याचा दिवा आहे. काचेवर आतून धुकं धरलं तर फडक्यानं पुसत बसू नकोस, एसीचा वारा काचेकडे वळव. जोरात ब्रेक दाबलास तर पायाखाली पेडल थरथरेल. ते गाडी घसरू नये म्हणून थरथरतं. घाबरून पाय उचलू नकोस, दाबून धर.

पूजेच्या उत्साहात मागच्या कॅमेऱ्यावर कुंकवाचं बोट टेकवू नकोस, नाहीतर गाडीला मागचं सगळं जग सौभाग्यवती दिसेल. चाकाखाली लिंबू चिरड, पण कोहळा रस्त्याच्या मधोमध फोडून टाकू नकोस. इथे दर वर्षी त्यावरून स्कूटरवाले घसरतात.

आता बेल्ट. तू परवा फोनवर म्हणालीस, "अण्णा, बेल्ट नाही लावला तर गाडी किंचाळते. बाजारात नुसती क्लिप मिळते ना, ती खोचली की गप्प बसते." धनू, ती क्लिप घेऊ नकोस. गाडी किंचाळते ते बरोबर किंचाळते. रक्षिताला सातवा लागला आहे. तिला शक्यतो मागे बसव आणि मागेही बेल्ट लाव. खालचा पट्टा पोटावरून नको, पोटाच्या खालून, कमरेच्या हाडांवरून. वरचा छातीच्या मधून, पोटाच्या बाजूनं. बेल्ट नसला तर समोरचा एअरबॅगचा फुगासुद्धा वाचवत नाही, उलट मारतो.

समोरच्या फुग्याबद्दल लिहायचं आहे. तास आहे, जाऊन येतो.

*

तास घेऊन आलो. मुलांना पूर्वपक्ष शिकवला. म्हणजे समोरच्याचं म्हणणं आधी पूर्ण मांडायचं, मग आपलं. म्हणून आधी तुझं म्हणणं मांडतो.

रविवारी तू फोन केलास. वैनीनं नेहमीसारखा स्पीकर लावला होता, आणि मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होतो. तू म्हणालीस, "वैनी, येताना तो मारुती घेऊन या हं. तुमच्या गाडीतला. मला दुसरा नको, तोच पाहिजे. जागृत आहे तो. एवढ्या मोठ्या अपघातातून त्यानं तुम्हाला ओढून काढलं, डोळ्यावर निभावलं."

वैनी म्हणाली, "अगं, गाडीत कशाला? तुझ्या देवघरात ठेव की."

"देवघरात देवांची दाटी झालीय वैनी. गाडीत एकही नाही."

"बरं, मग मागच्या काचेपाशी..."

"मागे? मारुती कधी मागे बसलाय का? समोरच हवा, रस्ता बघत. आणि पहिल्या दिवशी माझ्या शेजारी तुम्हीच बसायचं. रक्षिताला दवाखान्यात नेतानासुद्धा तो समोर असला की मला धीर येईल."

वैनी म्हणाली, "आणते ग."

फोन ठेवून ती भाजी निवडायला बसली आणि चांगली भाजी कचऱ्यात टाकत राहिली. मी विचारलं, आता काय करणार? म्हणाली, "जाऊ तेव्हा बघू. गोड बोलून परत काढून घेईन." धनू, तुझ्याकडून आजवर कुणी काही गोड बोलून काढून घेतल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आणि ती नुसती बघतच राहिली तर? उद्या तिथे रक्षिता बसली तर?

तुझा पूर्वपक्ष संपला. आता माझं ऐक, आणि बसून वाच.

आपली गाडी आली त्या आयुधपूजेला तू मुद्दाम धारवाडहून आली होतीस. तो पितळी मारुती तू आणलास, वीतभर नव्हे पण हाताला चांगला जड. दोन नळ्यांतला गोंद पोस्टकार्डाच्या तुकड्यावर कालवलास. वैनी ज्या बाजूला बसते तिथे समोर, मधोमध, तू तो चिकटवलास आणि सुकेपर्यंत तळहातानं दाबून धरलास. गोंद सुकेना, तुझी आरती संपेना, आणि आम्ही उन्हात प्रसादाची वाट बघत उभे. "आता भूकंप झाला तरी हलायचा नाही," असं म्हणालीस. त्या जागी बारीक अक्षरं कोरलेली होती. तू गंध लावलंस ते त्यांच्यावरच. ते फुग्याचं झाकण होतं. ठोकर बसली की ते झाकण फुटतं आणि फुगा टाळी वाजायच्या आत बाहेर येतो. झाकणावर जे असेल ते त्याच्यापुढे सुटतं.

मार्गशीर्षात होसकोट्याहून लग्नाचं जेवण करून येत होतो. पुढच्या लॉरीनं ब्रेक मारला. मीही मारला, पण अंतर पुरलं नाही. ठोकर फार मोठी नव्हती. मला खरचटलंदेखील नाही. फुगे दोन्ही उघडले, अगदी उघडायला हवे तसे. तिचा बेल्टही लावलेला होता. माझं तोंड वळेपर्यंत ती चेहऱ्यावर पदर धरून बसली होती. मी "काच लागली का, काच लागली का" विचारत होतो. समोरची काच शाबूत होती, तेही मला दिसत नव्हतं.

दवाखान्यात नर्स बांगड्या काढायला आली. वैनीची उजवी मूठ उघडेना. नर्स म्हणाली, "अम्मा, कै बिडी, हात सोडा." बोटं एकेक करून उघडली. मुठीत मारुती होता. तो मांडीवर पडल्यावर तिनं तो उचलला आणि लपवला होता, रक्त वाहत असताना. माझ्याकडे तोंड करून एवढंच म्हणाली, "धनूला काच लागली म्हणून सांगा. तिला हे कळता कामा नये. माझी शपथ आहे." डोळ्याचं काय होणार हे तिनं डॉक्टरांना त्यानंतर विचारलं.

तेव्हापासून आपल्या घरात काच लागली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला ती स्वतः सांगते, "काचेचा एवढासा तुकडा, बघा ना नशीब." इतक्या वेळा सांगते की मलाही कधी कधी खरं वाटतं.

वैनी बरी आहे असं वर लिहिलं आहे. दरवेळी लिहितो. एका डोळ्याला अंतर कळत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. ती पेला ओट्यावर ठेवते, तेव्हा ओटा किंचित पुढे असतो. चहा ओतते तो कपाच्या अलीकडे पडतो, मग आधी हसते आणि मग पुसते. मी डावीकडून जवळ गेलो की दचकते, म्हणून मी घरात उजवीकडून चालतो. दारात रांगोळी काढायचं तिनं सोडलं. शेजारच्या यल्लव्वांना म्हणाली, "गुडघे दुखतात हो." गुडघे ठणठणीत आहेत. मारुती तिनं देवघरात ठेवला आहे आणि त्याला रोज फूल वाहते. मी पूजा करतो तेव्हा सगळ्यांना पाणी घालतो, त्याला घालताना माझा हात थांबतो. इतकी वर्षं याच मारुतीची, प्राणदेवाची स्तोत्रं मुलांना शिकवली आणि आता हे. त्याचा दोष नाही हे कळतं. हात मात्र थांबतो.

तुझाही दोष नाही. हे लिहायलाच पाहिजे, म्हणून लिहितो. आमच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्यांत बघ, कुणाचा गणपती, कुणाचे राघवेंद्रस्वामी, सगळे त्याच झाकणावर बसले आहेत. गाडीच्या पुस्तकात त्या जागेचं चित्र आहे, त्यावर ठळक फुली मारलेली. टीकेवर टिप्पणी आणि टिप्पणीवर टीप वाचणारा तुझा भाऊ, त्यानं ते पान दवाखान्यातून आल्यावर उघडलं. शास्त्रात याला निमित्तकारण म्हणतात, म्हणजे घडलं ते अमक्याच्या हातून, पण जे घडलं त्यात तो नसतो. मुलांना मी हे घटाचं आणि कुंभाराचं उदाहरण देऊन सहज समजावतो. मला स्वतःला अजून समजलेलं नाही. मूर्ती तू चिकटवलीस, गाडी मी चालवत होतो, ब्रेक लॉरीनं मारला. वाटणी करायला बसलं तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडं येतं, आणि तिच्या वाट्याला सगळं आलं.

तुला हे न कळता आयुष्य जावं, असं तिला वाटत होतं. लग्न होऊन ती आपल्या घरी आली तेव्हा तू परकरात होतीस. तुझी वेणी तिनं घातली, तुझं बाळंतपण तिनं केलं. तिला मूल झालं नाही, आणि त्याबद्दल कुणी बोललं की ती तुझ्याकडे बोट दाखवायची. मी शपथ पाळली असती, धनू. मला गप्प राहणं जमतं, संस्कृतच्या मास्तरला कोण काय विचारतं? पण तू तोच मारुती मागितलास, त्याच जागेसाठी, आणि पहिल्यांदा तिलाच तिथे बसायला बोलावलंस. ती बसेल. मला माहीत आहे, ती त्याच्यासमोर बेल्ट लावून बसेल, तुझ्या ड्रायव्हिंगला "छान चालवतेस ग" म्हणेल, आणि एका शब्दानं तुला दुखवणार नाही.

म्हणून सांगतो. त्या झाकणावर काही ठेवायचं नाही. मारुती नाही, फुलांची माळ नाही, अत्तराची बाटली नाही, फोन नाही, दमून टेकलेले पाय नाहीत. ती जागा मोकळी राहू दे. भीमाचार्यांनी शास्त्र काढलं तर त्यांना हे पत्र वाचून दाखव.

आम्ही अष्टमीला सकाळच्या गाडीनं पोचतो. वैनी पिशवीतून मारुती काढेल. तिला गोड बोलायची वेळ आणू नकोस. तिनं तोंड उघडायच्या आत तूच म्हण, "वैनी, विचार केला, हा देवघरातच बरा." कारण विचारलं तर रक्षिताचं नाव घे, भटजींचं घे, कुणाचंही घे. तुला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस. तिनं तुझ्यासाठी जे सांभाळलं, ते आता तू तिच्यासाठी सांभाळ. जड आहे, मी गेले कित्येक महिने वाहतोय.

या पत्राचं उत्तर पाठवू नकोस. फोनही करू नकोस, आवाजावरून ती ओळखेल. रडू येईल ते येऊ दे, पण आमची गाडी धारवाड स्टेशनात शिरायच्या आत रडून घे, आणि डोळे धुऊन मग स्टेशनवर ये.

तिला दिलेला शब्द मोडून बसलेला,
तुझा अण्णा
बिंदुमाधव