वन्संची फाइल आणि लाल रेघा

३ मार्च, सकाळ
वन्संनी फाइल पाठवली. भावोजींवरची, म्हणजे त्यांच्या यजमानांवरची, पुस्तिका. त्यांना जाऊन वर्ष होईल तेव्हा नात्यागोत्यात वाटायची आहे. वहिनी, जरा नजर टाक, म्हणाल्या. मुलाने फोनवरून ट्रॅक चेंजेस सुरू करायला लावलं. म्हणे आई, तू काय काय बदललंस ते आत्याला दिसायला हवं. दिसू दे की! लपवण्यासारखं मी काही करत नाही.
संकल्प: हलका हात. स्वल्पविरामापलीकडे जायचं नाही.

४ मार्च
पहिलं पान लालेलाल. माझा इलाज नाही. ऑफिसात साहेबांचे मसुदे माझ्या लाल पेन्सिलीखालून जायचे. साहेब बदलले, पेन्सिल बदलली नाही. आणि 'ते हसले की घर हसायचं' हे काय वाक्य झालं? घराला दात असतात?
चार वाजता वन्संचा फोन. आमचे हे गेल्यापासून रोज चारला करतात. काय जेवलीस, गुडघा काय म्हणतो. नुसता कामाचा खोळंबा. आज जरा उशीर झाला तर मीच विचारलं, कुठे होतात इतका वेळ?

७ मार्च
कडेच्या चौकटीत शेरे लिहायची सोय आहे. फार छान सोय. अर्थात ते माझ्यापुरते, पाठवण्यापूर्वी काढणार. 'त्यांनी कधी कुणावर आवाज चढवला नाही' याच्याशेजारी लिहिलं: जिन्याखालपर्यंत ऐकू यायचे! अगदी शेवटचं वाक्य, 'वहिनी मला सख्ख्या बहिणीसारखी आहे'. तिथे लिहिलं: अतिशयोक्ती. खोडावे.
मन हलकं झालं.

१० मार्च, सकाळ
काम संपलं. आता लाल तेवढं काढायचं. चहा उकळेपर्यंत होईल.

१० मार्च, संध्याकाळ
खोडलेलं पुन्हा खोडलं, तरी रेघ तिथेच. नवं लिहिलं तर तेही लाल. वैतागून 'मूर्ख' असं टाइप केलं, तर तेसुद्धा लाल, वर माझं नाव. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, देव सगळं बघतो. पण देव निदान नाव आणि वेळ घालून कडेला टांगत नसे.
चहा दोनदा उतू गेला.

११ मार्च
मुलाला फोन. तो मीटिंगमध्ये. घाईघाईत दोन बटणं सांगितली: ॲक्सेप्ट ऑल आणि रिजेक्ट ऑल. आई, नीट ऐक, म्हणाला. ऐकलं, म्हटलं, आणि ठेवला. मी काय कुक्कुलं बाळ आहे?
डाग कुणी ॲक्सेप्ट करतं का? मी उभ्या जन्मात काही मुकाट्याने ॲक्सेप्ट केलेलं नाही. रिजेक्ट ऑल.
पान स्वच्छ! धुतल्या तांदळासारखं. कडेचे शेरेही एक बटण दाबून दिसेनासे केले. फाइल वन्संना रवाना. कुणाच्याही मदतीशिवाय.

१२ मार्च
चारला फोन नाही. बरं झालं. कपाट आवरलं.

१३ मार्च
आजही नाही. काय ही शांतता! फोन चालू आहे ना, हे शेजारणीला लावून पाहिलं. चालू आहे. ती तासभर सुनेबद्दल बोलली.
विरंगुळा म्हणून स्वतःचं काम वाचायला फाइल उघडली. ते हसले की घर हसायचं. पुढचंही वन्संचं. सगळंच वन्संचं. माझं एक अक्षर नाही!

१३ मार्च, जरा वेळाने
मुलाला फोन लावला. म्हणाला, रिजेक्ट म्हणजे तुझ्या दुरुस्त्या नामंजूर, आई. तूच केल्यास. मग हळूच विचारलं, शेरे डिलीट केलेस की नुसते झाकलेस?
झाकले.
म्हणजे दुरुस्त्या गेल्या आणि टोमणे तेवढे पोचले. यंत्राला तारतम्य म्हणून नाही.

१५ मार्च
पर्याय. व्हायरसवर ढकलणे. मुलावर ढकलणे. किंवा, वन्संना कॉम्प्युटर धड येत नाही, शेरे त्यांना दिसलेच नसतील. हा सगळ्यांत भक्कम.
चार वाजता फोनजवळ बसले होते. विणकामाला तिथे उजेड चांगला पडतो.

१७ मार्च
फोनवर हात ठेवला. उचलला नाही. फोन त्यांनी करायचा हा शिरस्ता आहे. शिवाय बोलणार काय? तोंडाने बोललेलं वाऱ्यावर जातं. हे तिथे माझ्या नावानिशी ठाण मांडून बसलंय. चहूबाजूंनी कोंडी. विणकाम उसवलं.

१८ मार्च
फाइल परत आली. माझ्या प्रत्येक शेऱ्याखाली वन्संचं उत्तर. हे त्यांना कधीपासून यायला लागलं?
जिन्याच्या शेऱ्याखाली: त्यांना एका कानाने ऐकू येत नव्हतं, वहिनी. त्यांना कळायचंच नाही आपण मोठ्याने बोलतोय ते. कुणाला सांगू नको म्हणायचे.
हे मला ठाऊक नव्हतं. तरीच माझं आणि त्यांचं पटायचं. मी ओरडूनच बोलते.
'अतिशयोक्ती. खोडावे.' याच्याखाली दोनच शब्द: खोडू का?
शेऱ्याखाली उत्तर कसं लिहितात ते मला येत नाही. म्हणून पानावरच्या त्यांच्या त्या शेवटच्या वाक्याला लागूनच टाइप केलं: नको. लगेच लाल झालं. वर माझं नाव. पहिल्यांदाच वाटलं, राहू दे. पाठवलं.

१९ मार्च
चारला फोन वाजला! धावले. गुडघ्याचं विसरले. छापखानेवाला होता. म्हणे बाई, शेवटची ओळ 'वहिनी मला सख्ख्या बहिणीसारखी आहे नको' अशी आलीय. अशीच छापायची? म्हटलं, अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? वन्संना विचारा. तर म्हणे त्यांनाच आधी विचारलं. त्या म्हणाल्या, अख्ख्या फाइलीत वहिनीची एवढी एकच दुरुस्ती आहे. ती मी ॲक्सेप्ट केलीय. कुणी हात लावायचा नाही.
म्हटलं, मधे पूर्णविराम तरी घाला हो.
म्हणे, ट्रॅक करून पाठवा.